दुसरी शिवण

४ फेब्रुवारी

भिंगरी,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहून शाई घालवत नाही. माझा फोन तू उचलत नाहीस आणि ईमेल न उघडताच पुसतेस, असं बाबांकडून कळलं. त्यांच्या पोटात काही राहत नाही. कुरिअरचं पाकीट मात्र सही करून घ्यावंच लागतं, म्हणून हे पत्र.

प्रश्न कामाचा आहे, घरचा नाही.

काकांच्या कारखान्यात तुझ्या कृतीनं केलेला पहिला मोठा लॉट तयार आहे. महिनाअखेरीस तो श्वासयंत्रं बनवणाऱ्या कंपनीकडे जायचा आहे. घरी वापरायची यंत्रं. ज्यांची फुफ्फुसं पुरत नाहीत त्यांच्या नाकाशी ती प्राणवायू पोचवतात. वीज गेली की ती तुझ्या बॅटरीवर चालायची. लॉट सोडायला तपासणीची सही लागते, आणि ती अजून माझीच लागते.

सगळे आकडे पास आहेत. बॅटरीचे सेल सपाट, चहा होईपर्यंत चार्ज होतात, तापत नाहीत. मी पेनाचं टोपण काढलं होतं. तेवढ्यात हातातल्या सेलची कड बोटाखाली आली आणि काहीतरी खटकलं. पट्टी लावली. तुझ्या आराखड्यात दिली आहे त्यापेक्षा कड अरुंद आहे. दुसरा घेतला, तिसरा घेतला. खोक्यातले सगळे तसेच.

तुला शिकवायची गरज नाही, पण माझा प्रश्न नीट कळावा म्हणून क्रमानं लिहिते. सेलचं ते चंदेरी पाकीट पहिल्यांदा चार्ज होताना आतून वायू सुटतो. तो साठावा म्हणून पाकिटाला एका बाजूला रिकामी झोळी ठेवलेली असते. पहिला चार्ज संपला की झोळी कापायची, वायू सोडायचा, कड गरम दाबून बंद करायची. हे एकदाच. मग सेल रॅकवर ठेवायचा आणि फुगतो का बघायचं. फुगला तर नापास. कड अरुंद व्हायला मला एकच कारण दिसतं: ती दुसऱ्यांदा कापली आहे. म्हणजे रॅकवर फुगलेला सेल कुणीतरी कापला, वायू सोडला, पुन्हा शिवण घातली आणि सपाट करून माझ्या टेबलावर ठेवला. त्यानं फुगण्याचं कारण जात नाही, नुसतं पोट जातं.

आणि कारण काय, हे तू स्वतः जेवणाच्या टेबलावर बाबांना सांगितलं होतंस. टायटॅनियम ऑक्साइडची पूड कॉस्टिक सोड्यात बंद भांड्यात शिजवून तू तिच्या केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या सुया केल्यास. "बाबा, वीट पाण्यात टाकली तर ती आधी वरवरच भिजते. विटेची भुकटी करून टाकली तर कण न् कण लगेच भिजतो. तसं लिथियम माझ्या सुयांमध्ये चटकन शिरतं आणि चटकन निघतं." बाबांनी विचारलं, "आणि नको ते शिरलं तर?" तू हसलीस. प्रश्न हसण्यासारखा नव्हता. एवढा पृष्ठभाग उघडा पडला की तो ओलही तेवढीच धरतो आणि आतल्या द्रवाशी भांडतोही तेवढाच. वायू त्या भांडणाचा आहे.

तर प्रश्न असा. दुसऱ्यांदा कापायला तू कुणाला सांगितलं होतंस का? हो किंवा नाही. कारणं नकोत.

बाबा बरे आहेत. हल्ली जिना उतरत नाहीत. शिलाई मशीन घरातच आणलं आहे.

आई


११ फेब्रुवारी

भिंगरी,

उत्तर नाही. कुरिअरवाल्याच्या नोंदीत तुझी सही आहे, तेव्हा पोचलं नाही असं म्हणू नकोस.

रविवारी तू बाबांशी बोललीस. हसण्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. त्यांनी मला हाक मारली, "बोलतेस का गं?" आणि मी हात पुसून येईपर्यंत तू फोन ठेवला होतास. असो.

दोन वर्षांपूर्वी कारखाना बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर मी तुझे पहिले सेल नापास केले, कारण ते फुगले होते. तू म्हणालीस, "मला घरी आई हवी होती, तिथंही तपासणी खातंच मिळालं." वाक्य चांगलं होतं, लक्षात राहिलं. पुढच्या खेपेला तू आणलेले सेल पाटीसारखे सपाट होते. मी सही केली. महिन्याभरात तू तिकडच्या प्रयोगशाळेत नोकरी धरलीस, आणि त्या सेलांच्या जोरावर काकांना हे गिऱ्हाईक मिळालं. गेला आठवडाभर मी त्या सपाट सेलांचाच विचार करते आहे.

तू सांगत नाहीस म्हणून मी सील-खोलीत गेले, पाकिटं कापून बंद करतात तिथं. तिथल्या मावशी तुझ्या वेळच्याच.

"मावशी, पाकीट किती वेळा कापता?"

"दोनदा, बाई."

"दोनदा का?"

"का म्हणजे? पहिल्यांदा झोळी. मग रॅकवरून उतरलं की बाळसं."

फुगवट्याला तिथं बाळसं म्हणतात. नाव इतकं रुळलं आहे की कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

"आणि हे कुणी शिकवलं?"

"ताईंनीच की. हात धरून शिकवलं. म्हणाल्या, मावशी, टोचायचं नाही, कडेकडेनं कापायचं, शिवण सरळ आली पाहिजे." मावशींनी मला एक सेल उजेडात धरून दाखवला. "बघा, आहे का कुठं वाकडी?"

शिवण खरंच सरळ होती. शेजारच्या मशीनवरची मुलगी मध्येच म्हणाली, "बाळसं ठेवलं तर बाई नापास करतात, असं ताई म्हणाल्या होत्या," आणि मग बाई म्हणजे समोर उभी आहे ती, हे ध्यानात येऊन तिनं जीभ चावली. त्यांना जसं दाखवलं तसं त्या करतात, आणि नीट करतात.

तिथून काकांकडे गेले.

"वहिनी, डॉक्टरसुद्धा टाके घालतातच ना?"

"आजार आत ठेवून घालत नाहीत, भावजी."

"आकडे पास आहेत की नाहीत?"

"आज आहेत."

"मग आजची सही करा. उद्याचं उद्या."

"यंत्र लावलेला माणूस उद्याही श्वास घेणार आहे."

"तुम्ही ना, वहिनी, लग्नाच्या मांडवात सुतक काढाल," असं म्हणून त्यांनी फोन कानाला लावला. फोन वाजलाच नव्हता.

मी काही सेल एकदाच कापलेले आणि काही दोनदा कापलेले असे बाजूला काढून गरम कपाटात ठेवले आहेत. यंत्राच्या पोटात जेवढी ऊब असते तेवढ्याच उबेवर. काकांना ते माहीत आहे, पण ते विचारत नाहीत.

मावशींच्या तोंडून मला उत्तर मिळालं असं समजू नकोस. मला ते तुझ्याकडून हवं आहे. काका मावशींचं ऐकणार नाहीत आणि माझं तर मुळीच नाही. कृती तुझी आहे. ती सदोष आहे असं तूच म्हणालीस तर लॉट थांबेल.

आई


१७ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं साडेचार ओळींचं उत्तर आलं. "त्या वेळी नमुन्यापुरतं तसं केलं असेल. मोठ्या लॉटसाठी ती पद्धत नव्हती. आता मी तिथं नाही. काकांना विचार." हात झटकायला साडेचार ओळी पुरतात तर.

आता मी एक वचन मोडणार आहे. मी सहसा मोडत नाही, तुला ठाऊक आहे.

बाबा जिना का उतरत नाहीत, हे तू विचारलं नाहीस आणि मीही लिहिलं नाही. पावसाळ्यापासून त्यांच्या नाकाला नळी आहे. जन्मभर कापडाचा कोंडा छातीत गेला, त्याचं हे व्याज. तुला कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली. रविवारी तुझा फोन यायच्या आधी ते नळी काढून ठेवतात, यंत्राचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून ते बंद करायला लावतात, आणि दम लागायच्या आत "चल, ठेवतो, गिऱ्हाईक आलंय" म्हणून मोकळे होतात. तुला वाटतं मी मागे उभी असते म्हणून ते आटोपतं घेतात.

त्या यंत्रात बॅटरी तुझी आहे.

काकांनी स्वतः बसवली, लॉटमधला पहिला पॅक. "दादा, तुझ्या लेकीची बॅटरी, पहिला मान तुझा." काकांना मी लबाड म्हणत नाही. लबाड माणूस असली वस्तू सख्ख्या भावाच्या उशाशी ठेवत नाही. त्यांचा विश्वास आहे, म्हणून तर त्यांच्याशी भांडणं अवघड आहे.

यंत्राला बाबांनी निळ्या जाड कापडाची पिशवी शिवली आहे, बाजूला बॅटरीचा कप्पा. पहिलं पत्र लिहिताना मी कप्पा चाचपून पाहिला होता, बॅटरी पक्की बसलेली वाटली, म्हणून गप्प राहिले. काल पिशवी धुवायला काढली तेव्हा कप्प्याची शिवण उजेडात आली. जुन्या टाक्यांच्या भोकांची एक रांग, तिच्या बाहेर दुसरी रांग, तिच्या बाहेर आताची शिवण.

"अहो, हे कधी उसवलंत?"

"काय?"

"मी शिंप्याची बायको आहे. भोकं मला दिसतात."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "गिऱ्हाईक अंगानं भरलं तर कपडा उसवायचा. गिऱ्हाइकाला बोलायचं नसतं."

"बॅटरी फुगली आहे."

"वाढत्या अंगाची आहे."

"थट्टा पुरे. यंत्रात बसवताना खटका तरी लागतो का?"

खटका लागत नव्हता. फुगलेल्या सेलांनी पॅकचं झाकण उचललं होतं, त्यामुळे बॅटरी यंत्राला नीट टेकत नव्हती, आणि बाबांनी तिला कापडाच्या पट्टीनं आवळून धरलं होतं. शिवणकाम उत्तम, एकही टाका सैल नाही.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू नापास केली असतीस."

मावशींच्या खोलीतही मी हेच ऐकलं होतं.

मी म्हटलं, ही बॅटरी आजच्या आज काढते. ते म्हणाले, हात लावायचा नाही. मग दोघांचाही आवाज चढला. तुझ्या बाबांना तेवढ्या आवाजाला आता हवा पुरत नाही, म्हणून मीच थांबले. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "असं कर. काढ प्लग. बघू कोण जिंकतं, माझी पोरगी की माझी बायको."

तू विचारशील, "आई, तू हे केलंस?" केलं. भरलेला सिलिंडर शेजारी ठेवला, त्याची नळी जोडून हातात धरली, बाबांना बघायला येतात त्या नर्सबाईंना समोर बसवलं. मग भिंतीतला प्लग काढला. यंत्रानं एक शिट्टी दिली आणि बॅटरीवर चालू लागलं. बाबा माझ्याकडे बघून भुवया उडवत होते. यंत्र चालत राहिलं. नर्सबाई म्हणाल्या, "चाललंय की छान." मला वाटलं, मी हरले तर बरं होईल. खरंच वाटलं.

मग बाबांनी पाणी प्यायला कूस बदलली. पिशवी हलली, एवढंच. शिट्टी नाही, दिवा नाही, यंत्र बंद. आधी ते बंद झालंय हे आम्हाला कळलंच नाही, कारण त्याच्या आवाजाकडे आमचं आता लक्षच नसतं. बाबांच्या लक्षात आलं होतं. ओठांचा रंग गेला तरी बोलले नाहीत. तू फोनवर असतेस तेव्हा बसतात तसे ताठ बसून राहिले. नर्सबाई उठल्या आणि मी सिलिंडरची नळी लावली.

श्वास जागेवर आल्यावर पहिलं वाक्य काय असावं? "मी हलवली म्हणून."

"माणूस हलणारच," मी म्हटलं.

बॅटरी काढली. आता सिलिंडर आहे आणि जिन्याखालच्या इन्व्हर्टरच्या दुकानातून भाड्यानं आणलेली शिशाची अवजड बॅटरी आहे. त्यांची काळजी तेवढ्यापुरती मिटली. लॉट गेला तर तसे शेकडो कप्पे भरतील, आणि तिथं कपडा उसवायला शिंपी नसेल की सिलिंडर धरून बसलेली बाई नसेल.

ती बॅटरी पेट घेणार नाही, तुझं टायटॅनियम त्या बाबतीत सज्जन आहे. ती फक्त गुपचूप बंद पडेल.

आई


२१ फेब्रुवारी

भिंगरी,

परवा फोनवर तू रडलीस. मी रडले नाही. दोघींपैकी एकीनं तरी नीट ऐकणं भाग होतं. जे ऐकलं ते असं: पहिल्या खेपेला नापास झाल्यावर ओल कुठून येते ते तुला सापडत नव्हतं, पाहुणे पुन्हा यायचे होते, आणि "तू पुन्हा सगळ्यांसमोर नापास केलं असतंस." होय, केलं असतं.

काल काकांना दाखवायचा तुझा कागद आला. तो परत पाठवते आहे, सोबत आहे. पेन्सिलीची खूण केलेलं वाक्य वाच. "नमुना-टप्प्यावर वायू-निर्गमनाची प्रक्रिया एकाहून अधिक वेळा राबवली गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

राबवली गेली. कुणी राबवली, वाऱ्यानं?

हे वाक्य मी काकांना दाखवलं तर ते काय म्हणतील, मी आत्ताच सांगते. "शक्यता आहे म्हणते, म्हणजे नक्की नाही. गाडी भरा." आणि गाडी भरायला वेळ राहिलेला नाही. मी सही करत नाही म्हणून काकांनी बाहेरचा तपासनीस बोलावला आहे आणि रवानगी पंचवीस तारखेवर आणली आहे. माणूस वाईट नाही. त्याला आकडे दाखवतील आणि तो आकड्यांवर सही करील. कड मोजायची त्याला कुणी सांगणार नाही. मी दरवाज्यात आडवी पडले तर वहिनींचं डोकं फिरलं म्हणतील. कृती जिची तिनं म्हटलं तर मात्र त्यांना गाडी हलवता येणार नाही.

तेव्हा असं लिही: "दुसऱ्यांदा कापायला मी सांगितलं. सेल फुगत होते आणि मला ते लपवायचे होते. दोष सुयांनी धरलेल्या ओलीचा आहे आणि तो अजून गेलेला नाही." खाली सही. पुढे स्पष्टीकरण हवं तेवढं जोड, पण हे वर आलं पाहिजे.

याची किंमत काय, हे मला कळत नाही असं समजू नकोस. तुझ्या नावानं छापलेला लेख मागे घ्यावा लागेल. तिकडचे लोक तुला ठेवतील की नाही, सांगता येत नाही. काका तर फोनवरच म्हणाले, "वहिनी, स्वतःच्या पोरीचं नाव पुसायला निघालात? कुठली आई असं करते?" रात्री झोप लागली नाही, हेही लिहून ठेवते, म्हणजे मी दगडाची आहे असा तुझा समज असेल तर तो तेवढ्यापुरता तरी दुरुस्त होईल.

पण तुझ्या सुया खोट्या नाहीत. मी तपासणीत आयुष्य काढलं, चांगली वस्तू मला कळते. त्यांच्यावर कार्बनचा पातळ थर चढवला, सुयांचा लेप दिलेल्या पट्ट्या जास्त वेळ निर्वात भट्टीत ठेवून ओल पुरती काढली, तर त्या टिकतील असं मला वाटतं. काम कटकटीचं आहे, वर्ष जाईल. हे तू तेव्हाच करू शकली असतीस. पण त्यासाठी आधी "फुगतात" असं म्हणावं लागलं असतं.

आई


२६ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझा नवा कागद पंचविसाला सकाळी पोचला. पाकीट उभ्यानंच फोडलं आणि तशीच निघाले.

कारखान्यात गेले तेव्हा फाटकाशी गाडी लागली होती आणि खोकी चढत होती. काकांच्या खोलीत तपासनीस बसले होते, समोर आकडे, चहा आणि उघडं पेन. मी गरम कपाटातले सेल रुमालात बांधून नेले होते, ते टेबलावर मांडले. एकदा कापलेले उशीसारखे. दोनदा कापलेले त्यांच्याहून थोडे कमी, पण फुगलेलेच, आणि त्यांच्या शिवणी ताणून पांढऱ्या पडलेल्या.

काका म्हणाले, "गरम कपाटात ठेवलं तर माणूसही फुगेल."

"यंत्राच्या पोटात एवढंच गरम असतं, भावजी."

तपासनीसांनी एक सेल उचलला, कडेवर नख फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी पट्टी पुढे केली. त्यांनी मोजलं, पेनाला टोपण लावलं आणि चहा घेऊ लागले. काका लाल झाले.

"एक सही नसली तर दुसरी मिळेल. कृती पास आहे, कृती जिची तिनं कधी तक्रार केली नाही!"

मग मी तुझा कागद दिला. त्यांनी उभ्यानं वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"हे तिनं लिहिलंय? स्वतः?"

"हो."

"तिला कळतंय का, याचं काय होईल?"

"कळतंय. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा कळत नव्हतं, म्हणून दुसऱ्यांदा लिहायला लावलं."

"तुम्ही लावलं." ते हसले, पण चांगलं हसणं नव्हतं. "दोन बायकांनी ठरवून माझा कारखाना बुडवायचा म्हणजे कमालच झाली. अहो, ही बॅटरी माझ्या दादाच्या यंत्रात आहे! रोज विचारतो मी त्याला. झकास चाललीय म्हणतो. दादा खोटं बोलतो का?"

मी हे करणार नव्हते. बाबांची गोष्ट बाबांचीच ठेवायची असं मी ठरवलं होतं. पण यंत्राची निळी पिशवी माझ्याजवळ होती, रुमालातले सेल तिच्यातूनच नेले होते, आणि त्यांनी तो प्रश्न विचारला. मी पिशवी तुझ्या कागदाशेजारी ठेवली, कप्पा उलटा करून. आणि बंद पडलेल्या यंत्राची हकिगत सांगितली, जशी तुला लिहिली तशीच.

काका लहानपणी बाबांच्या दुकानात काजं करायला बसायचे. त्यांना वाचून दाखवावं लागलं नाही. त्यांनी भोकांच्या रांगेवरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या रांगेवरून. "दादाचाच हात आहे," म्हणाले. मग खुर्चीत बसले. बाहेर खोकी चढवणाऱ्यांचा आवाज येत होता, आणि तपासनीस बिचारे रिकामा कप तोंडाला लावत होते.

मग काकांनी फाटकावर फोन केला. "गाडी उतरवा." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "सगळी उतरवा म्हटलं ना!" त्यानंतर श्वासयंत्रांच्या कंपनीला त्यांनी स्वतः फोन लावला, माझ्यासमोर. माल सदोष आहे, पाठवत नाही, असं स्पष्ट सांगितलं. कुणावर ढकललं नाही. तुझं नावही घेतलं नाही. फोन ठेवून म्हणाले, "जा आता, वहिनी. आज मला तुमचं तोंड बघवत नाही." मी उठले. दाराशी पोचले तेव्हा पाठीमागून म्हणाले, "तिला म्हणावं, भट्टी मोकळी आहे."

कंपनी पुढे आपल्याकडे येईल की नाही, माहीत नाही. मावशी विचारत होत्या, त्यांचं मशीन बंद राहणार का. मला खोटा धीर देता येत नाही. म्हटलं, काही महिने राहील. त्यांनी मान हलवली आणि मशीनवर कव्हर घातलं.

लेख मागे घेतल्याचं आणि नोकरी गेल्याचं तू फोनवर सांगितलंस ते ऐकलं. वाईट झालं. याहून गोड शब्द मला सापडला नाही.

शनिवारी येते आहेस ते बाबांना सांगितलं. लॉट थांबला तेही सांगितलं. ते विचारत होते, "दुसऱ्यांदा कापायला कुणी सांगितलं होतं गं?" मी म्हटलं, "ती आली की तिलाच विचारा." त्यांनी कात्री उचलून धार पाहिली. मग म्हणाले, "एक कर. ती यायच्या आधी तिची बॅटरी कप्प्यात परत ठेव. जोडू नकोस, नुसती दिसायला ठेव. पोरीला आल्या आल्या रिकामा कप्पा दिसायला नको."

मी नाही म्हटलं.

"फार कठोर आहेस तू," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. जेवायला उठले, तेव्हा मात्र शनिवारी तुझ्यासाठी स्वयंपाकात काय करायचं ते तेच सांगत होते.

तेव्हा कप्पा रिकामा दिसेल. बघ, बाबांजवळ बस, त्यांना जे सांगायचं ते तुझ्या तोंडानं सांग, आणि सोमवारी भट्टीवर ये. नवीन थराचा पहिला सेल तयार झाला की तो माझ्या टेबलावर ठेवायचा. फुगला असेल तर मी नापास करीन, त्यात बदल होणार नाही. पण फुगला असेल तर फुगलेलाच आण.

आई